मुक्कामाची पारख

उमरेड हे आमचे गाव नागपूरच्या आग्नेयेस सुमारे ५० किलोमीटरांवर आहे. एका अंगाला कोळशाच्या उघड्या खाणी, दुसऱ्या अंगाला अरण्य आणि भिवापूर ओलांडले की वैनगंगेच्या खोऱ्याकडे उतरत जाणारी धानाची शेती, असा हा मुलूख आहे. २०१२ साली उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य घोषित झाले. पुढच्या वर्षी नागझिऱ्याहून चालत आलेल्या 'जय' नावाच्या वाघाने या अरण्यात आपला अंमल बसविला. आणि २०१६ च्या एप्रिलनंतर तो कोणाच्या दृष्टीस पडला नसला, तरी त्याच्या कीर्तीने सुरू झालेला प्रवाशांचा ओघ आजतागायत खंडित झालेला नाही. ओघाबरोबर निवासाच्या जागाही वाढल्या. कोणी आपल्या वावरात दोन खोल्या बांधून पाहुण्यांची सोय केली, तर कोणी शहरातील भांडवलावर ओसाड माळावर इमारत उभी करून तिलाच ग्रामीण जीवनाचे नाव दिले. या दोहोंतील भेद छायाचित्रांवरून कळत नाही, आणि तो न कळल्यास प्रवासाचा कसा विरस होतो याचा जो अनुभव आमच्या कुटुंबास आला, तो आणि त्यावरून बांधलेले ठोकताळे येथे नमूद करणे मला कर्तव्य वाटते.

पुण्याहून आलेली माझी बहीण, तिची मुले आणि सत्तरी उलटलेली आमची आत्या यांच्यासह पवनी, गोसेखुर्द धरण आणि पुढे नागभीडजवळचा घोडाझरी तलाव असा मोटारीचा प्रवास आम्ही मार्च महिन्यात आखला होता. पहिल्या मुक्कामासाठी, अभयारण्याच्या प्रवेशद्वाराला लागूनच असल्याची जाहिरात करणारे एक शेतघर निश्चित झाले. रस्ता मोटारीच्या सोयीचा आहे काय, पाणी चोवीस तास असते काय, वृद्ध माणसाला तळमजल्यावर खोली मिळेल काय, हे सारे आम्ही दूरध्वनीवरून विचारून घेतले होते. प्रत्येक प्रश्नाला निःसंदिग्ध होकार मिळाला आणि अर्धी रक्कम आगाऊ घेण्यात आली.

प्रत्यक्षात डांबरी रस्ता संपताच पांदण लागली. आदल्या रात्रीच्या अवकाळी पावसाने तिच्यातील काळ्या मातीचा असा चिखल झाला होता, की थोड्याच अंतरावर मोटारीची मागची चाके अर्ध्यापर्यंत रुतली आणि जोर देऊ तसतशी अधिकच खोल जाऊ लागली. शेजारच्या वावरातील एका शेतकऱ्याने ट्रॅक्टरला दोर बांधून ती ओढून काढली, आणि मोबदला देऊ करताच हात जोडून तो नाकारला. शेतघरी पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मालक नागपुरास राहत असे. त्याच्या वतीने जो चौकीदार होता, त्याला आमच्या येण्याची वर्दीच देण्यात आली नव्हती. तळमजल्यावर बिछान्याचे सामान रचलेले होते. राहण्याच्या खोल्या वर होत्या, आणि तिकडे जाणाऱ्या जिन्याला कठडा नव्हता. टाकी रिकामी होती, कारण दुपारपासून वीज नव्हती. आत्या भाच्याच्या खांद्यावर हात ठेवून एकेक पायरी चढली, आणि त्या रात्री पाण्याचा एक घोटही जपून प्यायली, कारण पुन्हा खाली उतरण्याची तिला धास्ती वाटत होती. दुसऱ्या दिवशी पहाटे असे निष्पन्न झाले, की ते घर ज्या प्रवेशद्वाराजवळ होते ते आमच्या सफारीच्या परवान्यातले नव्हे. सफारी बुडाली, आणि आगाऊ रकमेविषयीच्या आमच्या तक्रारीस उत्तरही मिळाले नाही.

याच प्रवासातला पुढचा मुक्काम मात्र एका धान उत्पादक शेतकऱ्याच्या घरी, जुन्या मालगुजारी तलावाच्या पाळीखाली होता. तेथे दूरध्वनी केला, तेव्हा आम्ही काही विचारण्यापूर्वी घरची बाईच विचारू लागली : "सोबत म्हातारं माणूस हाये का? आमचा संडास आंगणाच्या पल्याड हाये, रातच्याला जरा चालावं लागते. लेकरायले तिखट चालते का? अन् अंधार पडायच्या आत या बरं, रस्त्यावर जनावर राहते." त्या घरात वातानुकूलन नव्हते, भिंती शेणामातीने सारवलेल्या होत्या, आणि जेवणात त्यांच्याच बांधीतल्या तांदळाचा भात, वांग्याचे भरीत व पाटवडीचा रस्सा एवढेच पदार्थ होते, परंतु आत्यासाठी बाज पडवीत, दाराजवळ घातलेली होती आणि उशाशी पाण्याचा तांब्या व विजेरी ठेवलेली होती. उणीव दोन्ही ठिकाणी होती. एका ठिकाणी ती लपविण्यात आली आणि दुसऱ्या ठिकाणी आधी सांगण्यात आली, एवढ्या एकाच गोष्टीने सारा फरक पडला.

म्हणून निवासाची निवड करताना पहिली चौकशी करावी ती ही, की घरधनी त्या जागी स्वतः राहतो काय, आणि तेथील शेती तो स्वतः कसतो काय. सध्या वावरात काय उभे आहे, असा साधा प्रश्न विचारावा. खरा शेतकरी हरभरा निघाला की गहू उभा आहे, धानाची रोवणी आटोपली की व्हायची आहे, हे क्षणात सांगतो. भाड्याने चालविलेल्या इमारतीचा कारभारी या प्रश्नावर घुटमळतो. 'सर्व सोयी उपलब्ध' या आश्वासनापेक्षा 'अमुक सोय आमच्याकडे नाही' या कबुलीवर अधिक विश्वास ठेवावा.

दुसरी चौकशी मार्गाची. नकाशावरील अंतर हे केवळ अंतर असते. त्यात पांदण, नाला आणि नदी यांचा हिशेब धरलेला असेलच असे नाही. डांबरी रस्ता कोठे संपतो आणि पुढे पावसानंतर चारचाकी जाते काय, हे वेगळे करून विचारावे. गोसेखुर्दच्या जलाशयाच्या बाजूस जाणाऱ्याने तर पूल कोठे आहे हे आधी पाहावे, कारण पाण्यापलीकडे डोळ्यांना दिसणारे गाव रस्त्याने बरेच दूर असू शकते. अभयारण्याला कऱ्हांडला, गोठणगाव आणि पवनी अशी निरनिराळी प्रवेशद्वारे आहेत आणि त्याचा विस्तार नागपूर व भंडारा या दोन जिल्ह्यांत आहे. तेव्हा प्रवेशाचा परवाना आधी हाती घ्यावा, त्यावरील द्वाराचे नाव वाचावे आणि मगच निवास ठरवावा. पावसाळ्यात अरण्यातील पर्यटन बंद असते, हेही ध्यानात असावे. उमरेडच्या अगदी निकट राहू इच्छिणाऱ्याने खाण किती दूर आहे याची विचारपूस करावी. सुरुंगांचा आवाज, धूळ आणि कोळशाच्या मालमोटारींची वर्दळ यांची नोंद कोणत्याही जाहिरातीत नसते.

तिसरी चौकशी रात्रीची. आमच्या भागात रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी काही ठिकाणी कुंपणात बेकायदा वीजप्रवाह सोडला जातो. जयचा बछडा श्रीनिवास २०१७ साली नागभीड परिसरात अशाच कुंपणाला लागून प्राणास मुकला. जो प्रवाह वाघाला ठार करतो तो माणसाचीही गय करीत नाही. म्हणून चांदणे कितीही मोहक असले तरी यजमानास विचारल्याविना अंधारात बांधावरून फिरू नये. शौचालय घरात आहे की अंगणात, वीज गेल्यास पाण्याचा बंदोबस्त काय, जवळचे रुग्णालय कोठे, तेथे सर्पदंशावरील प्रतिविष मिळते काय, हेही निःसंकोच विचारावे. धानाच्या प्रदेशात हा शेवटचा प्रश्न अनाठायी नव्हे, आणि समंजस यजमान त्याने रुष्ट होत नाही.

चौथी गोष्ट व्यवहाराची. दर, भोजनाचा खर्च, बेत रद्द झाल्यास परताव्याची अट, हे सारे आधी लेखी मागावे आणि दिलेल्या रकमेची पावती घ्यावी. नोंदणीचीही विचारणा करावी. महाराष्ट्र शासनाने २०२० साली कृषी पर्यटन धोरण स्वीकारले असून अशा केंद्रांची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते. घरगुती निवासासाठी 'निवास व न्याहारी' योजना त्याही आधीपासून आहे. नोंदणी ही गुणवत्तेची हमी नव्हे, परंतु गाऱ्हाणे नेण्यासाठी एक दप्तर अस्तित्वात आहे, एवढा आधार तिच्यामुळे मिळतो.

या बाबतीत इटलीचे उदाहरण मननीय आहे. ग्रामीण तरुण शहरांकडे निघून जात होते आणि जुनी दगडी शेतघरे ओस पडत होती, अशा काळात त्या देशाने १९८५ साली शेतावरील पाहुणचारासाठी स्वतंत्र कायदा केला आणि २००६ साली त्याच्या जागी नवा आणला. पाहुणे ठेवण्याचा अधिकार शेती करणाऱ्यालाच असावा आणि शेती हाच त्याचा मुख्य उद्योग राहावा, हे त्याचे मूलतत्त्व आहे. पाहुण्यांच्या पानात स्वतःच्या व आसपासच्या शेतांतील पदार्थ किती असावेत, हे तेथील प्रांत ठरवितात. आपल्याकडे बारामतीच्या परिसरात पांडुरंग तावरे यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात कृषी पर्यटनाची जी चळवळ उभारली, तिचाही गाभा शेतकऱ्याला पिकाच्या उत्पन्नाला जोड मिळावी हाच होता. आपण दिलेला पैसा ज्या मातीवर आपण निजतो तिच्या धन्याला मिळतो, की दूरच्या मालकाला, हा प्रश्न म्हणूनच प्रवाशाच्या सुखापुरता मर्यादित नाही.

पाहुण्याचेही काही दायित्व असते. २०२४ च्या अखेरच्या दिवशी गोठणगाव भागात पर्यटकांच्या वाहनांनी एका वाघिणीची व तिच्या बछड्यांची वाट दोन्ही बाजूंनी रोखून धरली, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला त्याची स्वतःहून दखल घ्यावी लागली. ज्या अधीरतेने वाघाची वाट अडविली जाते, तीच अधीरता यजमानाच्या घरात मध्यरात्री गाणी लावते, अवेळी जेवण मागते आणि ठरलेल्या दरावर निघताना घासाघीस करते. येणाऱ्यांची संख्या व वेळ आधी कळविणे, अंधारापूर्वी पोहोचणे, घरात शिजेल ते आदराने खाणे आणि येणे रद्द झाल्यास तत्काळ सांगणे, एवढे आपल्याकडून अवश्य घडावे.

शेतावरचा मुक्काम म्हणजे एका कुटुंबाच्या आयुष्यात थोड्या काळासाठी मिळालेला प्रवेश आहे, अशी माझी दृढ धारणा आहे. त्यामुळे खोलीपेक्षा माणसाची पारख अधिक महत्त्वाची. निवास ठरविण्यापूर्वी एकदा तरी घरच्या माणसाशी प्रत्यक्ष बोलावे आणि त्याची उत्तरे ऐकावीत. त्याहूनही, तो आपल्याला काय विचारतो हे ऐकावे. कोण येणार, कोणाला काय सोसत नाही, किती वाजता पोहोचणार, याची ज्याला आपणहून काळजी वाटते, त्याच्याकडे उतरावे; आणि जो केवळ रक्कम केव्हा पाठविता एवढेच विचारतो, त्याची जागा कितीही रमणीय दिसत असली तरी तेथे वृद्धांना व मुलांना घेऊन जाऊ नये.