शिंपल्याचा श्वास आणि पहाटेची वेळ

श्वास मोजणे हा बालरोगतज्ज्ञाचा नित्याचा उद्योग. मुलाची छाती उघडी करून, मिनिटभर घड्याळावर नजर ठेवून आम्ही श्वास मोजतो व त्यावरून पुष्कळ काही ठरवतो. मात्र तो कोणत्या प्रहरी मोजला, याची नोंद केसपेपरवर क्वचितच होते. या उणिवेचा नीट विचार करावयास मला लावले ते गोमंतकीयांच्या ताटात नित्य दिसणाऱ्या शिंपल्याने.

तिसऱ्या, कालवे, शिनाण्या हे सारे दोन शिंपांच्या पेटीत राहणारे मृदुकाय प्राणी. त्यांच्या कल्ल्यांवर असंख्य सूक्ष्म केसलांची अखंड हालचाल चालते आणि पाणी आत ओढले जाते. त्या पाण्यातील प्राणवायू कल्ल्यांतून शरीरात जातो आणि त्यातीलच सूक्ष्म वनस्पती गाळून तोंडाकडे पोहोचवल्या जातात. श्वास आणि घास यांचे द्वार एकच. पूर्ण वाढलेले कालव तासाला कित्येक लिटर पाणी असे गाळू शकते. बहुतेक शिंपल्यांच्या रक्तात हिमोग्लोबिनसारखे प्राणवायू वाहणारे द्रव्य नसते. प्राणवायू त्या रक्तात केवळ विरघळून जातो. त्यामुळे साठा तुटपुंजा असतो.

ओहोटीला किनाऱ्यावरचे कालव उघडे पडते, तेव्हा ते शिंपा घट्ट मिटून घेते. हृदयाचे ठोके मंदावतात, चयापचय उतरतो आणि साठवलेल्या ग्लायकोजेनपासून प्राणवायूविना ऊर्जा मिळवली जाते. यात तयार होणारी आम्ले निष्प्रभ करण्यासाठी शिंपेतील कॅल्शियम कार्बोनेट किंचित विरघळते. आम्लता वाढलेल्या रुग्णाला आपण बायकार्बोनेट देतो. हा प्राणी आपले औषध घराच्या भिंतीतूनच काढतो.

हे उघडणे-मिटणे केवळ बाहेरच्या पाण्यावर अवलंबून आहे काय? अमेरिकन शास्त्रज्ञ फ्रँक ब्राऊन यांनी न्यू हेवनच्या किनाऱ्यावरील कालवे समुद्रापासून दूर असलेल्या इव्हॅन्स्टन येथे नेली. भरती-ओहोटी नसतानाही त्यांचा ताल टिकून राहिला. सुमारे दोन आठवड्यांनी मात्र त्याची वेळ सरकली व त्या स्थळी समुद्र असता तर भरती जेव्हा आली असती, त्या वेळेशी जुळली, असे त्यांनी १९५४ साली मांडले. या निष्कर्षाच्या अर्थाविषयी पुढे बराच वाद झाला. तथापि प्रश्न मागे पडला नाही. फ्रान्समधील आर्काशों येथील संशोधकांनी कालवांच्या शिंपांना हलके विद्युतग्र चिकटवून त्यांची उघडझाप रात्रंदिवस नोंदवली. तीत भरतीचा सुमारे १२ तास २५ मिनिटांचा ताल दिसला, तसाच दिवस-रात्रीचाही. २०१७ साली तेथील संशोधकांनी पॅसिफिक कालवातील जैविक घड्याळाची जनुके ओळखून दाखवली. याच वर्षी फळमाशीतील अशा घड्याळाच्या शोधाबद्दल हॉल, रॉसबॅश व यंग यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

शिंपल्यांची शेती करणाऱ्याला हे ज्ञान फार उपयोगी आहे. केरळमध्ये कासरगोडच्या खाड्यांत दोरांवर शिनाण्या वाढवतात. दोराला लटकलेला प्राणी सहसा ओहोटीतही पाण्याखालीच राहतो. परंतु पाण्याचा स्वतःचाही दैनिक ताल असतो. दिवसा सूक्ष्म वनस्पती सूर्यप्रकाशात प्राणवायू निर्माण करतात. रात्री त्याही इतर सर्व जीवांबरोबर तो वापरतात. उथळ, वनस्पतींनी दाटलेल्या, मंद प्रवाहाच्या पाण्यात म्हणून सूर्योदयापूर्वी प्राणवायू सर्वांत कमी असतो. मासा दुसरीकडे जाईल, दोराला चिकटलेली शिनाणी कोठे जाणार? ती दार मिटून काही तास काढते. पण मिटलेल्या दाराआड घासही बंद होतो. रात्रीमागून रात्री असे घडले तर वाढ खुंटते, आणि उष्ण दिवसांत मरही संभवते. सकाळी अकरा वाजता पाणी तपासणाऱ्याला मात्र सारे आलबेल दिसते.

सकाळी अकराची ही वेळ वाचताना मला एक जुना प्रसंग आठवला. सात वर्षांच्या एका मुलाला घेऊन त्याची आई आली होती. "डॉक्टर, हा रात्री खोकून उठून बसतो," असे ती सांगत होती. मी अकराच्या सुमारास छाती तपासली. ती स्वच्छ होती. मी तिला धीर दिला आणि खोकल्याचे औषध लिहून दिले. तिसऱ्या दिवशी पहाटे चार वाजता ते मूल तीव्र दम्याने धापा टाकत इस्पितळात आले. सुदैवाने ते बरे झाले. दम्यात श्वासनलिका पहाटे चारच्या आसपास सर्वाधिक आकुंचित असतात, हे मी पाठ्यपुस्तकात वाचले होते. त्या दिवशी वापरले मात्र नव्हते. आई पहाटेचे सांगत होती, मी अकराचे ऐकत होतो.

तेव्हापासून अशा मुलांच्या पालकांना मी पीक फ्लो मीटरने सकाळी उठल्याबरोबर व संध्याकाळी मोजणी करून वहीत लिहावयास सांगतो. फार लहान मुलांच्या बाबतीत रात्री किती वेळा जाग आली, एवढेच लिहिले तरी पुरते. आपल्या वैद्यकीय बंधुभगिनींना विनंती एवढीच, की श्वासाच्या आकड्याशेजारी वेळही लिहावी. आणि पालकांनीही, दवाखान्यात मूल हसत-खेळत असले म्हणून, रात्रीची तक्रार सांगण्यास संकोचू नये. पाण्याची खरी परीक्षा पहाटे होते, तशी पुष्कळदा छातीचीही.