रुग्णवाहिकेच्या मागील भागातील प्रकाशयोजना

२०११ साली सुरू झालेल्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार गरोदर माता व नवजात बालक यांची शासकीय रुग्णालयात ने-आण विनामूल्य केली जाते. हा प्रवास पुष्कळदा रात्रीचा असतो. गाडीच्या मागील भागात एकच मंद दिवा असेल, तर मातेचा रक्तस्राव वेळीच दिसत नाही आणि बालकाच्या ओठांवरील निळसर छटा ओळखता येत नाही. म्हणून तेथे जादा दिवे असणे ही चैन नसून गरज होय.

याकरिता १२ व्होल्टचे एलईडी दिवे सोयीचे ठरतात. ६ वॅटचे दोन दिवे मिळून सुमारे १ अँपिअर प्रवाह घेतात. ते छताच्या दोन्ही कडांना बसवावेत, म्हणजे परिचारिकेची सावली रुग्णावर पडत नाही. निळसर प्रकाश टाळावा. त्यात त्वचेचा खरा रंग कळत नाही. चालकासमोरील काचेवर प्रतिबिंब पडू नये म्हणून मध्ये पडदा असावा.

तारेला बॅटरीजवळच योग्य क्षमतेचा फ्यूज जोडणे अत्यावश्यक आहे. पत्र्यावर घासून तारेचे आवरण फाटल्यास आगीचा धोका फ्यूजमुळे टळतो. इंजिन बंद असता दिवे १० तास चालू राहिल्यास सुमारे १० अँपिअर-तास वीज खर्ची पडते. बॅटरी जुनी असल्यास ऐनवेळी गाडी सुरू होत नाही.

हे काम संबंधित विभागाच्या संमतीने, जाणकार कारागिराकडूनच करून घ्यावे. पंचायत सदस्यांनीही अधूनमधून अंधार पडल्यावर गाडीत बसून हा प्रकाश पाहावा.