स्तूप, मूर्ती आणि नवस

बुद्धमूर्ती घरी आणल्यावर तिच्यापुढे नारळ फोडावा काय, असे आमच्या खेडकडचे उपासक अजूनही विचारतात. उत्तर 'नाही' एवढेच. पण प्रश्न पडतो का, हे समजण्यासाठी दगडांकडे पाहावे लागते.

खेड शहरातही बौद्ध लेणी आहेत, लहानशी. शिल्प पाहावयाचे तर कार्ल्याला जावे. तेथील चैत्यगृह इसवी सनाच्या सुमारे १ ल्या-२ ऱ्या शतकातले. ओसरीत हत्ती आहेत, स्त्री-पुरुषांच्या जोड्या आहेत, दागिना नि दागिना मोजून घ्यावा असे काम. आणि आत, उपासनेच्या जागी, केवळ स्तूप! ज्या हातांनी हे देह घडविले त्यांना तथागतांचा देह घडविता आला नसता काय? खचित आला असता. प्रश्न कौशल्याचा नव्हता, दृष्टीचा होता. त्या काळी बुद्ध दाखवीत तो बोधिवृक्ष, धम्मचक्र, पदचिन्हे, रिकामे आसन यांतून.

मूर्ती घडू लागली ती मथुरा-गांधारात. कार्ल्याच्या त्याच ओसरीत, जुन्या जोड्यांमधल्या जागेत, पुढे सुमारे ५ व्या-६ व्या शतकात बुद्धमूर्ती कोरल्या गेल्या. म्हणून धम्म बुडाला, असे मी मानीत नाही. अजिंठ्याच्या २६ व्या लेण्यातील महापरिनिर्वाणाची मूर्ती पाहा. गुरू निजलेला, खाली शोकाकुल भिक्खू. मरण शास्त्यालाही चुकले नाही, हे तो दगड सांगतो. त्याच्याकडे कोणी मूल मागेल काय?

धोका दिसतो तो दापोली तालुक्यातील पन्हाळे-काजीला. तेथे २९ लेणी. आरंभी स्तूप, मग वज्रयानी अक्षोभ्य, त्यानंतर गणपती आणि नाथसिद्ध. डोंगर तोच, श्रद्धा बदलली तशी छिन्नी बदलली. बाबासाहेबांनी १९५६ साली दिलेल्या २२ प्रतिज्ञांत बुद्ध हा विष्णूचा अवतार नव्हे, असे का बजाविले, ते येथे उभे राहिल्यावर पुस्तकाविना कळते.

आणखी एक गोष्ट. कार्ल्याच्या लेखांत सुतार आहे, यवन आहेत. कुड्याच्या लेखांत माळी आहे, वैद्य आहे. राजेरजवाड्यांच्याच पैशाने लेणी झाली, हा समज सोडावा. या लेखांत दानाला 'देयधम्म' म्हटले आहे. देणारा देतो, मोबदल्यात देवाकडून काही वसूल करीत नाही. नव्या विहारात मूर्ती बसविताना चौथऱ्यावर वर्गणीदारांची नावे येतातच. त्यांच्या वर हा एक पाली शब्द कोरून घ्यावा, आणि मुलांनी विचारले की अर्थ सांगावा.