तानसाच्या रानातला पिंगळा

मंडळी, आपण गंजाडची माणसे. रान आपल्याला नवे नाही. पण राखलेले रान पाहिले आहे का? शहापूरकडे तानसा तलाव आहे. त्याचे पाणी मुंबई पिते. तलावाभोवतीचे रान १९७० साली अभयारण्य झाले. अभयारण्य म्हणजे जनावराला जिथे भय नाही ते रान. तिथे शिकारीला बंदी आहे.

मी शेजाऱ्याबरोबर तिथे गेलो. सकाळचे ऊन पडले होते. सागाच्या फांदीवर मैनेएवढा पिंगळा बसला होता. शेजाऱ्याने दगड उचलला. म्हणाला, "गुरुजी, अपशकुन!"

मी त्याचा हात धरला. म्हटले, "अरे, हा वनपिंगळा. हा दिवसाही फिरतो. १८८४ नंतर ११३ वर्षे याची पक्की नोंदच नव्हती. जाणत्यांना वाटले, संपला. १९९७ साली शहाद्याजवळ तो पुन्हा सापडला. २०१४ साली या तानसात दिसला. भारताबाहेर तो कुठेच नाही."

वनपिंगळा सरडे, उंदीर, किडे खातो. शकुन-अपशकुन त्याला काय ठाऊक? त्याला घरटे करायला झाडाची ढोली लागते. ती त्याला स्वतः पोखरता येत नाही. जुने झाड तुटले, की त्याचे घर गेले.

शेजाऱ्याने दगड खाली टाकला. घरी त्याच्या बांधावर एक पोकळ आंबा आहे. त्यात साधा पिंगळा राहतो. तो आंबा यंदा जळणासाठी तोडायचा होता. अजून तोडलेला नाही.

सांगा पाहू: तुमच्या बांधावर ढोलीचे झाड आहे का? त्यात कोण राहते?