सोंडेची लांबी : स्थानिक अनुकूलनाचा एक पाठ

कपाळफोडी किंवा कानफुटी या नावाची नाजूक वेल आपल्यापैकी अनेकांनी कुंपणावर चढलेली पाहिली असेल. तिचे फुग्यासारखे फळ मुले कपाळावर आपटून फोडतात. आतील काळ्या, वाटोळ्या बीवर हृदयाच्या आकाराचा पांढरा ठिपका असतो आणि त्यावरूनच वनस्पतिशास्त्रात या प्रजातीला 'कार्डिओस्पर्मम', म्हणजे 'हृदयबीज', हे नाव मिळाले. डॉक्टरांच्या स्मरणिकेत या वेलीचा उल्लेख होण्यास एवढे निमित्तही पुरेसे आहे. तथापि मला तिच्याविषयी लिहावेसे वाटते ते वेगळ्या कारणासाठी. ही वेल, रिठा आणि लिची एकाच कुळातील. या कुळातील वनस्पतींच्या बियांवर जगणाऱ्या एका कीटकाने 'स्थानिक अनुकूलन' ही संकल्पना फार स्पष्टपणे उलगडून दाखविली आहे, आणि या संकल्पनेचा आपल्या व्यवसायाशी निकटचा संबंध आहे.

प्रथम व्याख्या पाहू. एकाच जातीचे दोन समूह दोन भिन्न ठिकाणी राहत असतील आणि प्रत्येक समूह स्वतःच्या ठिकाणी, बाहेरून आणलेल्या समूहापेक्षा अधिक चांगला तगत असेल, तर त्यास स्थानिक अनुकूलन म्हणतात. हा गुण आनुवंशिक असला पाहिजे. व्यायामाने कमावलेला दंड मुलाला वारशाने मिळत नाही. तसला बदल येथे अभिप्रेत नाही.

आता तो कीटक. 'जडेरा हीमॅटोलोमा' हे त्याचे शास्त्रीय नाव. काळ्या अंगाला तांबडी किनार असलेला हा अमेरिकेतील ढेकूणवर्गीय कीटक सुईसारखी सोंड फळात खुपसून बीपर्यंत पोहोचवितो, लाळेने बीचा गर पातळ करतो आणि शोषून घेतो. शरीर फळाबाहेरच राहते. त्यामुळे फळाच्या सालीपासून बीपर्यंतचे अंतर जेवढे, तेवढी सोंड लांब हवी. सोंड आखूड पडली तर समोर अन्न असूनही उपासमार!

फ्लोरिडाच्या दक्षिण भागात हा कीटक पूर्वापार तेथील कपाळफोडीच्या एका भगिनी-जातीवर जगत आला. तिचे फळ फुगीर असल्याने बी सालीपासून दूर असते. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मात्र त्या राज्यात मूळचा तैवानचा एक शोभेचा वृक्ष रस्त्यांच्या कडेला आणि बागांतून मोठ्या प्रमाणात लावला गेला. तोही याच कुळातला. पण त्याच्या शेंगा चपट्या, आणि बी सालीच्या अगदी जवळ. काही कीटक या नव्या यजमानाकडे वळले.

स्कॉट कॅरोल आणि क्रिस्टिन बॉइड या संशोधकांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मोजमापे दिली आहेत. वेलीवरील माद्यांची सोंड सरासरी सुमारे ९ मि.मी., तर नव्या वृक्षावरील माद्यांची सुमारे ७ मि.मी. भरली. त्यांनी संग्रहालयांतील जुने, टाचणीला टोचून ठेवलेले नमुनेही तपासले. नवा वृक्ष येण्यापूर्वीच्या नमुन्यांत अशा आखूड सोंडा आढळल्या नाहीत. हा पालट अवघ्या काही दशकांत घडला होता. कीटकाच्या वर्षभरात अनेक पिढ्या होतात, हे लक्षात घेतले म्हणजे या वेगाचे फारसे नवल वाटत नाही.

हा फरक केवळ आहाराचा परिणाम नसेल कशावरून? ही शंका रास्त आहे. तिचे निरसन अदलाबदलीच्या प्रयोगाने झाले. दोन्ही समूहांची पिले प्रयोगशाळेत सारख्याच परिस्थितीत, परंतु एकमेकांच्या बियांवर वाढविली. तरीही सोंडेची लांबी आईबापांच्या वळणावरच गेली. म्हणजे फरक रक्तातला होता.

याच अभ्यासातील एक गोष्ट आपल्याला विशेष रंजक वाटेल. लुइझियाना व मिसिसिपी या राज्यांत आपली कपाळफोडीच बाहेरून जाऊन पसरली. तेथील कीटक मूळचे रिठ्याच्या एका जातीवर जगणारे. कपाळफोडीचे फळ मोठे असल्याने त्यांच्या बाबतीत उलट घडले. सोंड लांब झाली. निसर्गाने एका दिशेचा आग्रह धरलेला नाही. यजमान जसा, तशी सोंड.

ही कथा येथेच थांबली असती तर सुबक वाटली असती. परंतु मेरेडिथ सेन्झर या संशोधिकेने पुढे पुन्हा तपासणी केली आणि २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पूर्वीचा स्पष्ट भेद आता पुसट झाला होता. नवा वृक्ष विपुल झाल्यामुळे त्याच्यावर पोसलेले कीटक वेलीवरील समूहात सतत मिसळत राहिले आणि वेलीसाठी घडलेला जुना समूह आपले वैशिष्ट्य गमावू लागला. वेल जागेवर आहे, कीटकही आहेत. पण त्यांचे परस्परांशी जमलेले जुने माप विस्कटत चालले आहे. स्थानिक अनुकूलन ही निवड आणि स्थलांतर यांच्यातील ओढाताण असते; एका बाजूचा जोर वाढला की तोल जातो.

यातून आपण वैद्यकीय व्यावसायिकांनी काय घ्यावे? पाठ्यपुस्तक जंतूच्या जातीविषयी बोलते. आपला रुग्ण मात्र आपल्या गावातील, कित्येकदा आपल्याच अतिदक्षता विभागातील जंतूने आजारी असतो. तो जंतू आपण वर्षानुवर्षे वापरलेल्या औषधांच्या माऱ्यात घडलेला असतो. म्हणून परगावच्या अनुभवावर विसंबून प्रतिजैविक निवडणे धोक्याचे ठरते. ही तुलना अर्थात मर्यादित आहे. कीटकाचा गुण केवळ संततीकडे जातो. जंतू मात्र औषधरोधाची जनुके शेजारच्या परक्या जंतूलाही देऊ शकतात. त्यामुळे आपली अडचण अधिक बिकट आहे.

फ्लोरिडातील बदल सिद्ध झाला तो जुन्या नमुन्यांखाली कोणीतरी स्थळ आणि तारीख नीट लिहून ठेवल्यामुळे. आपल्या रुग्णालयातील कल्चर व संवेदनक्षमतेचे अहवाल त्या टाचण्यांच्या तोडीचे आहेत. रुग्ण बरा होऊन घरी गेला की ते बहुधा रद्दीत जातात. त्यांचे दरवर्षी एकत्र संकलन करून गावातील सर्व सहकाऱ्यांना ते उपलब्ध करून दिले, तर आपल्या जंतूंची 'सोंड' कोणत्या दिशेने वाढते आहे, हे वेळीच कळेल. आणि हे काम एकदा करून संपणारे नाही. कारण कालचे माप आज लागू पडेलच, याची हमी त्या लहानशा कीटकानेही दिलेली नाही.