तुटलेला दुवा कसा शोधावा
घरातील संगणक आणि इंटरनेट यांच्यातील दोषशोधन

घरातील दिवे अचानक गेले म्हणजे कुटुंबातील कोणीतरी आपोआप खिडकीशी जाते आणि समोरच्या घरात उजेड आहे की नाही ते पाहते. समोरही अंधार असेल तर मेणबत्ती शोधली जाते. समोर उजेड असेल तर आपल्याच घरचा फ्यूज तपासला जातो. दोषशोधनाचे मूलतत्त्व या साध्या कृतीत आहे. दोष कशामुळे उद्भवला हा प्रश्न नंतरचा; तो कोठे आहे हा प्रश्न आधीचा.

बंगळुरूत रस्त्यांवर विजेचे दिवे प्रथम लागले ते १९०५ मध्ये, शिवनसमुद्र येथील जलविद्युत केंद्राच्या विजेवर. तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवयीने विजेच्या बाबतीतील ही रीत तेथील घराघरांत रुळली आहे. इंटरनेटच्या बाबतीत ती अद्याप रुळलेली नाही. पडद्यावर ‘इंटरनेट उपलब्ध नाही’ असा संदेश उमटला की सुशिक्षित माणसेही गोंधळतात, दिसेल ते बटण दाबतात आणि मूळ दोषात दुसऱ्या एका दोषाची भर घालतात.

बंगळुरूचा अनुभव

संगणकांना परस्परांशी जोडण्याचे काम बंगळुरूत पुष्कळ आधी सुरू झाले. १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकन कंपनीने येथे केंद्र उघडले आणि ते उपग्रहाद्वारे परदेशातील कार्यालयांशी जोडले. १९८६ मध्ये ‘अर्नेट’ ही शिक्षण व संशोधन संस्थांची जालयोजना आखण्यात आली. तिच्या आठ सहभागी संस्थांत येथील भारतीय विज्ञान संस्था होती. सर्वसामान्य नागरिकाला मात्र हे दालन १५ ऑगस्ट १९९५ नंतरच खुले झाले. त्या दिवशी विदेश संचार निगमने मुंबई, दिल्ली, कोलकाता व चेन्नई येथे सार्वजनिक सेवा सुरू केली आणि पुढे ती इतर शहरांत पोहोचली.

त्या काळी संगणक टेलिफोनच्या तारेवरून जोडला जाई. रिसीव्हर कानाला लावून सूर ऐकू आला की तार शाबूत आहे हे कळे. आज बंगळुरूतील असंख्य घरांत काचेच्या केसासारख्या बारीक प्रकाशतंतूतून संदेश येतात. तंतूचा आवाज होत नाही. त्याची अवस्था यंत्रावरील लहान दिव्यांवरूनच जाणावी लागते. २५ मार्च २०२० रोजी देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली आणि घर हेच शाळा व कार्यालय बनले, तेव्हा हे दिवे वाचता न येण्याचे मोल अनेक कुटुंबांना कळले. कोणाचा वर्ग बुडाला, तर कोणाचे दिवसभराचे काम.

साखळीचे दुवे

मल्लेश्वरममधील एखादे घर कल्पनेत आणावे. रस्त्यावरील खांबावरून किंवा झाडांच्या फांद्यांमधून आलेला प्रकाशतंतू भिंतीवरील एका लहान पेटीत शिरतो. या पेटीला ‘ओएनटी’ म्हणतात. ती प्रकाशाचे रूपांतर विद्युत्‌संकेतांत करते. तेथून तार राउटरकडे जाते. काही घरांत दोन्ही कामे एकच पेटी करते. राउटर घरातील प्रत्येक यंत्राला अंकांत लिहिलेला एक पत्ता देतो आणि त्यांचे संदेश बाहेर पाठवतो. राउटरपासून संगणकापर्यंतचा शेवटचा टप्पा तारेने किंवा वाय-फायच्या रेडिओ लहरींनी पार होतो. यांपैकी कोणताही दुवा तुटला तरी पडद्यावरील संदेश जवळजवळ सारखाच असतो. म्हणून संदेशावर विसंबून न राहता एकेक दुवा तपासणे भाग पडते.

पहिली परीक्षा: दोष एका यंत्राचा की घराचा?

संगणक जोडला जात नसेल, तर त्याच वाय-फायवर असलेला मोबाइल चालतो का ते पाहावे. मात्र मोबाइलची स्वतःची डेटा सेवा त्यापूर्वी बंद करावी, नाहीतर उत्तर फसवे येईल. मोबाइल चालत असेल तर तंतू, ओएनटी आणि राउटर निर्दोष आहेत आणि शोध संगणकापुरताच मर्यादित राहतो. तोही चालत नसेल तर संगणकाला हात लावण्याचे कारण नाही. या एका परीक्षेने अर्धी साखळी संशयातून मुक्त होते.

दुसरी परीक्षा: दिव्यांची भाषा

दोष घराचा ठरल्यास कोणतेही यंत्र बंद करण्यापूर्वी दिवे पाहून ठेवावेत. एकही दिवा लागलेला नसेल तर प्रश्न विजेचा आहे. बंगळुरूत वीज गेली की पुष्कळ घरांत संगणक व पंखे इन्व्हर्टरवर चालू राहतात. पण भिंतीवरील पेटी साध्या जोडणीवर असते आणि ती बंद पडल्याचे कोणाच्या ध्यानात येत नाही. ‘एलओएस’ अशी अक्षरे असलेला तांबडा दिवा लागला असेल, तर पेटीपर्यंत प्रकाशच पोहोचत नाही. तंतू कपाटामागे चेपला किंवा फार तीव्र कोनात वाकला, तर प्रकाश बाहेर सांडतो आणि हाच परिणाम दिसतो. तसे काही नसेल तर तंतू घराबाहेर तुटला असण्याची शक्यता मोठी. एप्रिल-मे महिन्यांत वळवाच्या पावसात गुलमोहराची फांदी कोसळणे किंवा रस्ता खणताना फावड्याचा घाव बसणे, ही त्याची नेहमीची कारणे. अशा वेळी घरात कितीही खटपट केली तरी उपयोग नाही. तंतूचे टोक काढून त्यात डोकावणे मात्र कटाक्षाने टाळावे; त्यातील अवरक्त प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, परंतु इजा करू शकतो.

तंतूचा एक प्रवाह वाटेत अनेक घरांसाठी विभागलेला असतो. म्हणून त्याच कंपनीची सेवा घेणाऱ्या शेजाऱ्याला विचारणे ही येथेही मोलाची परीक्षा आहे.

तिसरी परीक्षा: हाक आणि प्रतिसाद

दिवे नीट असूनही संगणक जोडला जात नसेल, तर संगणकाला मिळालेला पत्ता पाहावा. तो १६९.२५४ या अंकांनी सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता मिळालाच नाही आणि संगणकाने तात्पुरता पत्ता स्वतःच घेतला, असा त्याचा अर्थ. दोष संगणक व राउटर यांच्या दरम्यान आहे.

पत्ता योग्य असेल तर ‘पिंग’ ही आज्ञा उपयोगी पडते. अमेरिकी लष्कराच्या एका प्रयोगशाळेतील माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये हा लहानसा कार्यक्रम लिहिला आणि पाणबुडीच्या सोनार यंत्राच्या ध्वनीवरून त्याला नाव दिले. एखाद्या पत्त्याला हाक मारायची आणि प्रतिध्वनी येतो का ते पाहायचे, एवढेच त्याचे काम. प्रथम राउटरच्या पत्त्याला हाक मारावी. तो पत्ता बहुधा १९२.१६८ या अंकांनी सुरू होतो. नंतर ८.८.८.८ यांसारख्या दूरच्या, सर्वांस खुल्या पत्त्याला. राउटरने उत्तर दिले आणि दूरच्या पत्त्याने दिले नाही, तर तुटलेला दुवा राउटरच्या पलीकडे असण्याचा संभव अधिक. काही यंत्रे मुद्दाम उत्तर देत नाहीत, म्हणून एकाच मौनावरून निष्कर्ष काढू नये.

दोन्हीकडून उत्तर येते, पण नाव लिहून कोणतेही पान उघडत नाही, अशीही स्थिती असते. इंटरनेटवर नावांवरून अंकांतील पत्ते शोधून देणारी एक निर्देशिका आहे. पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या या व्यवस्थेला ‘डीएनएस’ म्हणतात. रस्ता मोकळा आहे, परंतु पत्ता सांगणारा माणूस जागेवर नाही, असा हा प्रकार. राउटर किंवा संगणकात दुसऱ्या निर्देशिकेचा पत्ता नोंदवल्यास अडचण बहुधा दूर होते.

जुन्या संगणकात आणखी एक चकवा आढळतो. त्याच्या आतील नाण्याएवढी बॅटरी संपली की घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. सुरक्षित संकेतस्थळांच्या प्रमाणपत्रांवर तारखा असतात. संगणकाला त्या भविष्यातील वाटतात आणि तो पान उघडण्यास नकार देतो. जोडणी उत्तम असूनही सारे बंद पडल्याचा भास होतो. तारीख दुरुस्त करताच काम सुरू होते. बॅटरी मात्र बदलावी लागते.

उपाय करताना

यंत्रे बंद करून पुन्हा सुरू केल्याने अनेकदा गुण येतो, कारण पत्त्यांची देवाणघेवाण नव्याने होते. प्रथम ओएनटी, तिचे दिवे स्थिरावल्यावर राउटर आणि शेवटी संगणक हा क्रम ठेवावा. एका वेळी एकच बदल करावा; दोन केल्यास कोणत्या बदलाने काम झाले ते कळत नाही. राउटरच्या मागील बाजूचे टाचणीने दाबायचे ‘रीसेट’ बटण मात्र दाबू नये. त्याने सेवादात्याने भरलेली नाव-संकेतशब्दादी माहिती पुसली जाते.

दोष घराबाहेरचा ठरला की तक्रार करणे उरते, आणि खरा धोका येथेच आहे. घाईत मोबाइलवर ‘ग्राहक सेवा’ असा शोध घेणाऱ्याच्या हाती कधी कधी ठकाचा क्रमांक लागतो. तो आपुलकीने बोलतो, पडदा दिसू देणारे एखादे ॲप उतरवून घ्यायला सांगतो आणि किरकोळ रक्कम भरण्याच्या निमित्ताने बँकेचे खाते रिकामे करतो. दोष कोठे आहे हे ज्याला ठाऊक आहे, तो अशा बोलण्याला सहसा भुलत नाही. तंतू रस्त्यावर तुटला असेल तर कोणाला संगणकाचा पडदा पाहण्याची गरजच काय, हे त्याला दिसते. सेवादात्याचा क्रमांक जुन्या बिलावरूनच घ्यावा. फसवणूक झालीच तर विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर कळवावे.

तक्रार करण्यापूर्वी एका कागदावर चार गोष्टी लिहाव्यात: सेवा केव्हा बंद पडली, कोणते दिवे कोणत्या रंगाचे आहेत, दुसरे यंत्र चालते का आणि शेजाऱ्याची सेवा चालू आहे का. हा कागद आणि ते बिल राउटरजवळच ठेवल्यास घरात एकट्या असलेल्या वृद्धालाही ते हाताशी सापडेल.