कालव्यावरचं घर आणि त्याचा परवाना: फीवाढ कशी वाचायची



होडीचा परवाना म्हटला की आपल्याला मासेमारीची होडी आठवते. पहाटे बाहेर जायचं, माल धक्क्याला लावायचा आणि घरी यायचं. होडी कमाईची, घर वेगळं. इंग्लंड आणि वेल्समध्ये मात्र हजारो माणसं अशी आहेत की त्यांची बोट हेच त्यांचं घर. ही माणसं समुद्रावर नाही, कालव्यावर राहतात. त्यांच्या परवान्याची फी २०२२ पासून भराभर चढली. ती कशी चढली हे नीट पाहिलं तर कुठल्याही फीवाढीचा कागद हातात आल्यावर काय बघायचं ते कळतं. म्हणून आजच्या अभ्यासाला हा विषय घेतला आहे.

आधी कालवे म्हणजे काय ते बघू. (खायची कालवं नव्हेत!) आपल्याकडे कालवा म्हणजे साळावलीचा किंवा तिळारीचा, शेतीला पाणी नेणारा. तिथले कालवे खणले माल वाहायला. १७६१ मध्ये ब्रिजवॉटर कालव्यातून खाणीतला कोळसा मँचेस्टरला जायला लागला आणि मग देशभर कालव्यांचं जाळं झालं. जमीन उंचसखल असते तिथे पाण्याला पायऱ्या केल्या. तिला लॉक म्हणतात. दोन दरवाज्यांच्या मधे बोट घ्यायची, पाणी भरायचं किंवा सोडायचं, की बोट वर चढते किंवा खाली उतरते. मध्य इंग्लंडातले बरेच लॉक जेमतेम सात फूट रुंद बांधले, म्हणून तिथली बोटही अरुंद झाली. रुंदी सुमारे २.०८ मीटर, लांबी मात्र २१ मीटरपर्यंत. आत उभं राहून दोन्ही हात पसरले तर बोटं जवळजवळ दोन्ही भिंतींना लागतात. केरळच्या हाऊसबोटीचं चित्र इथे डोळ्यांसमोर आणू नका.

माणसं या बोटींवर राहायला हौसेने आली नव्हती. रेल्वे आली, भाडं पडलं, आणि नावाड्याला जमिनीवरच्या घराचं भाडं परवडेना. मग बायको-मुलं बोटीवर आली. घरभाडं वाचलं आणि बिनपगारी हातही मिळाले. अशा बोटींवरच्या मुलांच्या हालांबद्दल जॉर्ज स्मिथ नावाच्या गृहस्थांनी मोहीम चालवली. त्यातून १८७७ चा कायदा झाला आणि माणसं राहत असलेल्या बोटींची नोंदणी सुरू झाली. म्हणजे बोटीवरचं घर हे तिथलं नवं फॅड नव्हे, दीडशे वर्षांपूर्वी सरकारने त्याची दखल घेतलेली आहे.

१९४८ मध्ये बहुतेक कालवे सरकारी झाले. १९६२-६३ च्या हिवाळ्यात कालवे कित्येक आठवडे गोठून राहिले आणि आधीच मोडकळीला आलेली मालवाहतूक जवळपास संपली. पुढे सहलीच्या बोटी वाढल्या. आणि गेल्या काही वर्षांत, विशेषतः लंडनसारख्या ठिकाणी घरभाडं हाताबाहेर गेल्यावर, राहायला येणारेही वाढले. त्यात निवृत्त माणसं आहेत, नोकरी करणारी आहेत, पिढ्यान्पिढ्या पाण्यावर असलेलीही आहेत.

आता परवाना. जुलै २०१२ मध्ये इंग्लंड-वेल्समधले हे कालवे सरकारी मंडळाकडून ‘कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट’ या धर्मादाय संस्थेकडे आले. सुमारे ३,२०० किलोमीटरचं जाळं आणि त्यावर तीस हजारांहून जास्त बोटी. परवाना हवा तर १९९५ च्या कायद्यातलं १७ वं कलम तीन गोष्टी मागतं. बोटीच्या सुरक्षिततेचा दाखला हवा, विमा हवा, आणि बोट बांधून ठेवायची कायमची जागा हवी.

तिसरी अट नीट वाचा, कारण सगळा वाद तिथे आहे. जागा नसेल तरी परवाना मिळतो, पण मग बोट खरोखर फिरती हवी. एका ठिकाणी सलग १४ दिवसांपेक्षा जास्त थांबायचं नाही. आजारपण, बिघाड असं सबळ कारण असेल तरच जास्त. मूळ विधेयकात ही वाट नव्हती. प्रत्येक बोटीला ठरलेली जागा हवीच, असं त्यात होतं. बोटवाले संसदेच्या समितीपुढे गेले, आपलं म्हणणं मांडलं, आणि त्यानंतर ही सवलत कायद्यात बसली. १४ दिवसांनी किती लांब जायचं हे मात्र कायद्यात लिहिलेलं नाही. त्यावरून ट्रस्ट आणि बोटवाले यांची वर्षानुवर्षं ओढाताण चालू आहे. मुलांची शाळा एका गावात आणि बोट दर पंधरवड्याला पुढच्या गावात, असा संसार आहे तो.

आता हिशेबाकडे येऊ. वही-पेन घ्या.

फी बोटीच्या आकारमानावर ठरते, म्हणून प्रत्येकाची वेगळी. आपण सोपं जावं म्हणून १,००० पाउंड धरू. एप्रिल २०२२ मध्ये ४ टक्के वाढ झाली: १,०४०. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पुन्हा ४ टक्के: १,०८१ पाउंड ६० पेन्स. एप्रिल २०२३ मध्ये ९ टक्के: साधारण १,१७९. एप्रिल २०२४ मध्ये ६ टक्के: साधारण १,२५०. चार, चार, नऊ, सहा यांची बेरीज होते २३, पण वाढ झाली २५ टक्के. दर वेळची वाढ आधीच्या वाढलेल्या रकमेवर बसते. सोसायटीच्या कर्जावरचं चक्रवाढ व्याज ज्यांना कळतं त्यांना हे वेगळं सांगायला नको.

इथपर्यंतची वाढ सगळ्यांना सारखी. तिथे त्या काळात महागाईही जबर होती, तेव्हा निम्मा राग तरी महागाईवरच काढावा लागेल.

खरी गोष्ट पुढे आहे. एप्रिल २०२४ पासून कायमची जागा नसलेल्या बोटींवर ट्रस्टने वेगळा अधिभार लावला. पहिल्या वर्षी ५ टक्के, मग दर वर्षी आणखी ५, असं करत २०२८ मध्ये २५ टक्के. आपल्या उदाहरणात पहिल्याच वर्षी १,२५० चे १,३१२ झाले. आणि २०२४ नंतर मूळ फी एक पैसाही वाढली नाही असं धरलं, तरी २०२८ ला होतात साधारण १,५६२. रुंद बोटींवरचा अधिभार आणखी वेगळा. काही फिरत्या बोटी रुंदही असतात, त्यांना दोन्ही.

म्हणून आम्ही म्हणतो, फीवाढीचा कागद आला की पहिल्यांदा दोन रकाने करा. एकात सगळ्यांना लागू असलेली वाढ, दुसऱ्यात ठरावीक लोकांवरच बसलेली. पहिल्या रकान्यात प्रश्न येतो किती वाढली. दुसऱ्यात प्रश्न येतो याच लोकांवर का.

ट्रस्टचं उत्तर असं की फिरत्या बोटी कालव्याचा वापर जास्त करतात. काठ, नळ, कचऱ्याची सोय, सगळं वर्षभर त्यांना लागतं. जागा घेतलेला माणूस त्या जागेचे वेगळे पैसे भरतो, कधी कधी परवान्याहून कितीतरी जास्त. हा मुद्दा अगदीच पोकळ नाही. जागेचे पैसे भरणारे पुष्कळ बोटवाले त्याच्याशी सहमत आहेत, आणि त्यामुळे बोटवाल्यांच्यातच दोन तट पडले.

फिरत्या लोकांची संघटना, नॅशनल बार्जी ट्रॅव्हलर्स असोसिएशन, म्हणते की परवाना हा पाण्यावर बोट ठेवण्याचा आहे आणि तो सगळ्यांचा एकच आहे. जागेचे पैसे पुष्कळदा खाजगी मरिनाला जातात, कालव्याच्या दुरुस्तीला नाही, आणि त्या पैशात वीज, नळ, पार्किंग मिळतं, जे फिरत्या माणसाला मिळत नाही. कायद्याने दिलेली वाट बंद करता येत नाही म्हणून ती महाग केली जाते आहे, हा त्यांचा आरोप. आम्हाला यातला एक भाग पटतो. सुट्टीत बोट फिरवणाऱ्याला फी जड झाली तर तो बोट विकतो. घर असलेली बोट विकली तर माणूस जाणार कुठे? सगळ्याच फिरत्या बोटींवर लोक कायम राहतात असं नाही, पण जे राहतात त्यांच्यात हातावर पोट असलेले पुष्कळ आहेत.

पैसा नेमका कुठे कमी पडतो हेही बघायला हवं. कालवे दोन-अडीचशे वर्षांचे. त्यांना पाणी पुरवणारी धरणंही तशीच जुनी. ऑगस्ट २०१९ मध्ये व्हेली ब्रिज गावाच्या वरच्या टॉडब्रुक धरणाचा सांडवा पावसात खचला आणि दीड हजार माणसांना घरं सोडावी लागली. ते धरण ट्रस्टचंच. अशा दुरुस्त्या बोटींच्या फीमधून होत नाहीत. ट्रस्टच्या उत्पन्नात सरकारी अनुदानाचा वाटा मोठा आहे, आणि तो करार २०२७ पर्यंतचा. जुलै २०२३ मध्ये सरकारने पुढच्या दहा वर्षांसाठी सुमारे ४० कोटी पाउंड जाहीर केले. आकडा मोठा दिसतो. पण रक्कम वर्षागणिक घटत जाणार आणि महागाई वाढत जाणार. ट्रस्टच्या हिशेबाने ही खऱ्या किमतीत ३० कोटींहून जास्त कपात आहे. फिरत्या बोटींवरचा अधिभार त्याच वर्षी ठरला. अनुदान कमी झालं की संस्था जवळच्या खिशाकडे वळते, आणि सगळ्यात जवळ असतो परवानाधारक.

गंमत म्हणजे अनुदानासाठी ट्रस्ट आणि बोटवाले एका बाजूला आहेत. २०२३ मध्ये बोटवाल्यांनी बोटींचा ताफा काढून सरकारकडे पैसे मागितले. आणि त्याच बोटवाल्यांपैकी काही जण अधिभारासाठी ट्रस्टविरुद्धही उभे राहिले.

फी भरलीच नाही तर? १९८३ च्या कायद्याच्या ८ व्या कलमानुसार परवाना नसलेली बोट २८ दिवसांची नोटीस देऊन पाण्यातून काढता येते. बोटीवर कोणी राहत असेल तर ट्रस्ट आधी कोर्टात जातो. पण कोर्टाचा निकाल विरुद्ध गेला तर क्रेन येते आणि चूल, अंथरूण, मुलांच्या वह्यांसकट घर उचललं जातं.

परवान्याची सगळी पद्धत नव्याने तपासायला ट्रस्टने २०२४ च्या अखेरीस एक स्वतंत्र आयोग जाहीर केला. अधिभाराचे टप्पे मात्र त्याआधीच ठरलेले होते.

ज्या सभासदांना गणिताचा सराव करायचा आहे त्यांनी १,००० च्या जागी आपली कुठलीही जुनी पावती घ्यावी, त्यापुढच्या पावत्या ओळीने लावाव्यात आणि वर सांगितलेले दोन रकाने भरून बघावेत. अडलं तर येताना पावत्या घेऊन ऑफिसात या, बसून करू.